नियतांश, समाईक डिस्कवरील

अनेक व्यक्ती वा गट मिळून वापरीत असलेल्या संगणकीय संचयस्थानात प्रत्येकाने जास्तीत जास्त किती जागा व्यापावी व किती फाइली ठेवाव्यात, याची आगाऊ ठरवून दिलेली आणि परिचालन प्रणालीने स्वतः अंमलात आणलेली मर्यादा म्हणजे समाईक डिस्कवरील नियतांश होय. संगणकक्षेत्रात तो ‘डिस्क कोटा’ या नावाने परिचित आहे. विद्यापीठे, संशोधनसंस्था, शासकीय कार्यालये, रुग्णालये इ. ठिकाणी एकाच फाइल-प्रणालीवर शेकडो वापरकर्त्यांचे काम चालते; तेथे नियतांशाची विशेष आवश्यकता भासते. नियतांशामुळे साठा वाढत नाही. एकाच्या अतिवापराचा परिणाम त्या एकापुरता मर्यादित ठेवणे, हे त्याचे खरे कार्य आहे.

आवश्यकता : मर्यादा नसलेल्या समाईक डिस्कवर मोकळी जागा प्रथम येणाऱ्यास प्रथम मिळते. एखाद्या वापरकर्त्याचा चुकीने अखंड चालू राहिलेला कार्यक्रम काही तासांत सर्व जागा भरून टाकू शकतो. डिस्क भरली की लेखनक्रिया त्या एकाच वापरकर्त्याची थांबत नाही, सर्वांचीच थांबते. टपालपेटीत येणारी पत्रे परत जातात, नोंदवह्या लिहिल्या जात नाहीत, विदागारातील व्यवहार अर्धवट राहतात. काही संपादक-कार्यक्रम फाइल जतन करताना जुना मजकूर आधी पुसतात व मग नवा लिहितात. अशा वेळी जागा संपली, तर जुना आणि नवा असे दोन्ही मजकूर नष्ट होतात. दोष एकाचा व दंड सर्वांना, अशी ही स्थिती असते. नियतांश लागू असल्यास त्या वापरकर्त्याची लेखनक्रिया त्याच्या मर्यादेशीच थांबते व इतरांचे काम चालू राहते. यूनिक्स कुळातील प्रणाली या दोन प्रसंगी निरनिराळे संदेश देतात : साधनावर जागाच उरली नसल्याचा एक आणि नियतांश ओलांडल्याचा दुसरा. पहिला संदेश आल्यास साठ्याच्या व्यवस्थापकाने, तर दुसरा आल्यास संबंधित वापरकर्त्याने उपाय करावयाचा असतो.

मोजणी : डिस्कवरील जागा ठराविक आकाराच्या खंडांत विभागलेली असते. लिनक्स प्रणालीवरील प्रचलित ‘एक्स्ट-४’ या फाइल-प्रणालीत खंडाचा आकार सामान्यतः ४,०९६ बाइट असतो. त्यामुळे १०० बाइटची फाइलही साधारणतः एक पूर्ण खंड व्यापते. प्रत्येक फाइलीसाठी ‘आयनोड’ नावाची एक नोंदही लागते. फाइलीचा मालक, तिचा गट, तिचे आकारमान, कालनोंदी व तिचे खंड कोठे आहेत ही माहिती आयनोडात असते. फाइलीचे नाव मात्र आयनोडात नसून निर्देशिकेत असते. एक्स्ट-४ प्रकारच्या प्रणालीत आयनोडांची एकूण संख्या फाइल-प्रणाली निर्माण करतानाच निश्चित होते. लाखो अगदी लहान फाइली निर्माण झाल्यास खंड शिल्लक असूनही आयनोड संपतात व नवी फाइल उघडता येत नाही. म्हणून नियतांशाच्या दोन बाजू असतात : खंडांवरील म्हणजे जागेवरील मर्यादा आणि आयनोडांवरील म्हणजे फाइलींच्या संख्येवरील मर्यादा. केवळ पहिली बाजू पाहणारी व्यवस्था अपुरी ठरते.

फाइलीचा भार तिच्या मालकाच्या खात्यावर चढतो, ती कोणत्या निर्देशिकेत आहे यावर नव्हे. एकाने दुसऱ्याच्या निर्देशिकेत फाइल निर्माण केली, तरी तिचा भार निर्माण करणाऱ्यावरच पडतो. एकाच फाइलीस अनेक निर्देशिकांतून जोडनावे असली, तरी ती एकदाच मोजली जाते. एखादी फाइल पुसली, पण ती एखाद्या चालू कार्यक्रमाने उघडी ठेवली असली, तर तो कार्यक्रम संपेपर्यंत तिची जागा मोकळी होत नाही व मालकाच्या खात्यावरील भारही उतरत नाही. फाइल पुसूनही आकडा कमी होत नाही, अशी वापरकर्त्यांची तक्रार पुष्कळदा याच कारणाने उद्भवते.

मर्यादांचे प्रकार : प्रत्येक बाजूस दोन मर्यादा देण्याची पद्धत आहे. ‘कठोर मर्यादा’ कोणत्याही परिस्थितीत ओलांडता येत नाही. तिच्याशी पोहोचताच पुढील लेखन नाकारले जाते. ‘सौम्य मर्यादा’ तिच्याहून कमी असते. ती ओलांडता येते. मात्र ओलांडल्याच्या क्षणापासून ‘सवलतीची मुदत’ मोजली जाऊ लागते. लिनक्स प्रणालीत ही मुदत बदलली नसल्यास सात दिवसांची असते. मुदतीच्या आत वापर सौम्य मर्यादेखाली आणल्यास मुदतीची मोजणी रद्द होते. तसे न केल्यास मुदत संपताच सौम्य मर्यादाच कठोर मर्यादेप्रमाणे वागू लागते. यात आधीच्या फाइली नष्ट होत नाहीत, त्या वाचता व पुसताही येतात. केवळ नवी जागा मिळणे बंद होते.

दोन मर्यादांच्या या रचनेमागे एक व्यावहारिक विचार आहे. मोठी गणना चालू असताना किंवा जुन्या फाइलींवरून नव्या तयार करताना काही काळ नेहमीपेक्षा जास्त जागा लागतेच. केवळ कठोर मर्यादा ठेवली, तर अशी वाजवी गरज असलेले कामही अर्ध्यावर मोडते. मर्यादा सरसकट वाढवून ठेवली, तर तात्पुरत्या गरजेसाठी घेतलेली जागा कायमची अडून राहते. सौम्य मर्यादा नेहमीच्या वापराचे माप ठरविते, कठोर मर्यादा आणीबाणीची सीमा ठरविते आणि मुदत या दोहोंमधील अंतर किती काळ वापरता येईल हे सांगते.

समांतर उदाहरण : अल्पकाळ जास्त उचल करू द्यावयाची, परंतु दीर्घकाळात सरासरी राखावयाची, हे तत्त्व संगणकापुरते मर्यादित नाही. पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यातील जलाशयांच्या बाबतीत ते स्पष्टपणे दिसते. टाटा जलविद्युत् कंपनी १९१० मध्ये स्थापन झाली. लोणावळा, वळवण व शिरवटा या जलाशयांतील पाणी सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरून खाली सोडून १९१५ पासून खोपोली येथे वीजनिर्मिती होऊ लागली. पुढे ठोकरवाडी जलाशयातील पाण्यावर भिवपुरी येथे १९२२ मध्ये व मुळशी जलाशयातील पाण्यावर भिरा येथे १९२७ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली. हे सर्व पाणी मूळचे भीमा नदीच्या खोऱ्यातील, म्हणजे पूर्वेकडे कृष्णेस मिळणारे आहे. वीजनिर्मितीसाठी पश्चिमेस वळविलेले पाणी कोकणात उतरते व त्या खोऱ्यात परत येत नाही. साहजिकच ते किती वळवावे, हा केवळ वीजकेंद्रांचा प्रश्न न राहता खालच्या अंगाच्या सर्व वापरकर्त्यांचा प्रश्न होतो.

न्यायमूर्ती बचावत यांच्या अध्यक्षतेखालील कृष्णा जलविवाद न्यायाधिकरणाने आपला निवाडा १९७३ मध्ये दिला व त्याचे अंतिम स्वरूप १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ७५ टक्के विश्वासार्हतेने मिळणारे २,०६० अब्ज घनफूट पाणी महाराष्ट्रास ५६०, कर्नाटकास ७०० व तत्कालीन आंध्र प्रदेशास ८०० याप्रमाणे वाटून देण्यात आले. टाटा जलविद्युत् योजनांसाठी भीमेच्या वरच्या खोऱ्यातून बाहेर वळवावयाच्या पाण्यावर दोन मर्यादा घालण्यात आल्या : कोणत्याही एका जलवर्षात ५४.५ अब्ज घनफूट आणि कोणत्याही सलग पाच जलवर्षांत मिळून २१२ अब्ज घनफूट. जलवर्ष १ जूनपासून मोजावयाचे असते. दुसऱ्या मर्यादेची वार्षिक सरासरी ४२.४ येते. म्हणजे एखाद्या वर्षी सरासरीपेक्षा १२.१ अब्ज घनफूट जास्त पाणी घेता येते, पण दरवर्षी नाही. सलग तीन वर्षे ५४.५ प्रमाणे पाणी घेतल्यास १६३.५ अब्ज घनफूट खर्ची पडते आणि उरलेल्या दोन वर्षांसाठी मिळून केवळ ४८.५ शिल्लक राहते.

या रचनेतील वार्षिक मर्यादा नियतांशातील कठोर मर्यादेसारखी आहे, पंचवार्षिक मर्यादा सौम्य मर्यादेचे कार्य करते आणि पाच वर्षांचा काळ सवलतीच्या मुदतीच्या जागी येतो. शिवाय योजनांना मिळणारे हे पाणी महाराष्ट्राच्या वाट्यातूनच द्यावयाचे आहे. म्हणजे गटाच्या नियतांशाच्या आत वापरकर्त्याचा नियतांश, अशी दुहेरी मांडणी येथे आढळते. दोहोंतील एक भेद मात्र ध्यानात ठेवला पाहिजे. पाण्यावरील मर्यादा वर्षभरात वळविलेल्या प्रवाहावर आहे. वळविलेले पाणी परत करता येत नाही, पण पुढील पावसाळ्यात जलाशय पुन्हा भरतात. डिस्कवरील मर्यादा प्रवाहावर नसून त्या त्या क्षणी व्यापलेल्या साठ्यावर असते. फाइल पुसताच जागा परत मिळते. परंतु कोणी काहीच पुसले नाही, तर आपोआप भरून येणारे असे तेथे काही नसते.

वापरकर्ता, गट व प्रकल्प : यूनिक्स पद्धतीच्या प्रणालीत प्रत्येक फाइलीस एक मालक व एक गट असतो. त्यामुळे वापरकर्त्याचा व गटाचा असे दोन नियतांश एकाच वेळी लागू करता येतात. दोन्ही लागू असल्यास ज्याची मर्यादा आधी गाठली जाईल, तो लेखन थांबवितो. स्वतःच्या खात्यावर भरपूर जागा शिल्लक असूनही गटाची मर्यादा संपल्यामुळे एखाद्याचे काम अडू शकते. व्यवहारात हा प्रकार वापरकर्त्यांना सर्वांत अन्यायकारक वाटतो. गटातील एका सदस्याने सर्व जागा व्यापू नये यासाठी गटाच्या नियतांशाबरोबर प्रत्येक सदस्यासही स्वतंत्र मर्यादा देणे इष्ट ठरते.

नव्या फाइलीचा गट सामान्यतः ती निर्माण करणाऱ्याचा प्राथमिक गट असतो. एकाच प्रकल्पावर निरनिराळ्या विभागांतील व्यक्ती काम करीत असतील, तर त्यांच्या फाइलींचा भार प्रकल्पाच्या गटावर न पडता ज्याच्या त्याच्या विभागाच्या गटावर पडतो. हे टाळण्यासाठी प्रकल्पाच्या निर्देशिकेस ‘सेट-जीआयडी’ हा गुणधर्म देतात. मग तिच्यात निर्माण होणाऱ्या फाइलींना निर्देशिकेचाच गट प्राप्त होतो. तथापि अन्य ठिकाणाहून तेथे हलविलेल्या फाइली आपला जुना गट सोबत घेऊन येऊ शकतात. त्यामुळे अधूनमधून तपासणी करावी लागते. ‘एक्सएफएस’ या फाइल-प्रणालीत प्रकल्प-नियतांश असा तिसरा प्रकार आहे. त्यात ठरवून दिलेल्या निर्देशिका-वृक्षाखालील सर्व फाइलींची मोजणी, त्यांचा मालक कोणीही असला तरी, एकत्र केली जाते. एक्स्ट-४ प्रणालीतही ही सोय पुढे उपलब्ध झाली.

व्यवस्थापन : लिनक्स प्रणालीत नियतांश लागू करण्याचे काम चार टप्प्यांत होते. प्रथम फाइल-प्रणाली वापरात जोडताना वापरकर्ता-नियतांश, गट-नियतांश किंवा दोन्ही हवे असल्याचे सांगावे लागते. दुसऱ्या टप्प्यात ‘कोटाचेक’ हा आदेश सर्व आयनोड तपासून कोणाच्या नावावर किती खंड व किती फाइली आहेत याची मोजदाद करतो. ही मोजदाद चालू असताना कोणी लेखन केल्यास आकडे चुकतात. म्हणून ती फाइल-प्रणाली वापरात नसताना किंवा केवळ वाचनासाठी खुली असताना करणे आवश्यक असते. तिसऱ्या टप्प्यात ‘कोटाऑन’ या आदेशाने नियतांशाची अंमलबजावणी सुरू होते. त्यानंतर परिचालन प्रणालीचा गाभा प्रत्येक लेखनाबरोबर हिशेब अद्ययावत ठेवतो. चौथ्या टप्प्यात ‘एडकोटा’ या आदेशाने एकेका वापरकर्त्याच्या किंवा गटाच्या मर्यादा व सवलतीची मुदत ठरविली जाते. अनेकांना सारख्याच मर्यादा द्यावयाच्या असल्यास एक नमुना-खाते तयार करून त्याच्या मर्यादा इतरांना लागू करता येतात. एक्सएफएस प्रणालीत व एक्स्ट-४ च्या नव्या रचनेत नियतांशाचा हिशेब फाइल-प्रणालीच्या अंतर्गत नोंदींतच ठेवला जातो. त्यामुळे वीज खंडित होऊन संगणक अचानक बंद पडला, तरी सामान्यतः पुन्हा स्वतंत्र मोजदाद करावी लागत नाही.

मर्यादा ठरविल्याने व्यवस्थापकाचे काम संपत नाही. ‘रेपकोटा’ हा आदेश सर्व खात्यांचा वापर तक्त्याच्या स्वरूपात दाखवितो, तर ‘वॉर्नकोटा’ सौम्य मर्यादा ओलांडलेल्यांना टपालाने सूचना पाठवितो. स्वतःचा वापर पाहण्यासाठी वापरकर्त्यास ‘कोटा’ हा आदेश उपलब्ध असतो. जाळ्यावरील दुसऱ्या संगणकातून फाइली वापरल्या जात असतील, तर नियतांशाची अंमलबजावणी मूळ साठा असलेल्या संगणकावर होते आणि वापरकर्त्याच्या संगणकास वापराची माहिती तेवढी पुरविली जाते. सूचना वेळेवर पोहोचली नाही, तर सवलतीची मुदत नाममात्र राहते. रजेवर असलेल्या व्यक्तीची मुदत तिच्या गैरहजेरीत संपते व परत आल्यावर तिला काम अडलेलेच आढळते. म्हणून मुदत ठरविताना संस्थेच्या सुट्ट्या व कामाचे चक्र यांचा विचार करावा लागतो. सर्वाधिकारी खात्यास बहुधा नियतांश लागू होत नाही. त्यामुळे त्या खात्यावरून चालणारी कामे साठा भरून टाकू शकतात. अशा फाइलींसाठी स्वतंत्र विभाग राखून ठेवणे हिताचे असते.

अतिरिक्त वाटप : सर्वांना दिलेल्या मर्यादांची बेरीज प्रत्यक्ष साठ्याइतकीच असावी, असे बंधन नाही. समजा, १,००० गिगाबाइटच्या डिस्कवर ४० वापरकर्ते आहेत. बेरीज साठ्याइतकी ठेवावयाची, तर प्रत्येकास २५ गिगाबाइट मिळतील. पुष्कळांचा वापर त्याहून बराच कमी असल्याने मोठा साठा पडून राहील व ज्यांना खरी गरज आहे ते अडून बसतील. प्रत्येकास ४० गिगाबाइटची कठोर मर्यादा दिल्यास बेरीज १,६०० होते. सरासरी वापर २५ गिगाबाइटच्या आत राहील तोवर कोणासही अडचण येत नाही. परंतु पुरेशा वापरकर्त्यांनी एकाच काळात आपली मर्यादा गाठली, तर डिस्क भरते व कोणाचाही नियतांश न ओलांडता सर्वांचेच काम थांबते. परीक्षा वा प्रबंध सादर करण्याची मुदत अशा प्रसंगी सर्वांची गरज एकदमच वाढते. म्हणजे अतिरिक्त वाटपात नियतांशाने दिलेला आकडा हा हक्क राहत नाही, ती केवळ कमाल सीमा होते. हा भेद वापरकर्त्यांना आधी सांगितला नाही, तर मिळालेला आकडा राखून ठेवलेली जागा समजली जाते व वाद निर्माण होतात. सौम्य मर्यादांची बेरीज साठ्याच्या आत आणि कठोर मर्यादांची बेरीज साठ्याबाहेर ठेवणे, हा यावरील एक संतुलित मार्ग आहे.

वितरित फाइल-प्रणाली : महासंगणकांवर एकच फाइल-प्रणाली अनेक संचय-संगणकांवर पसरलेली असते. पुणे हे या क्षेत्रातील भारताचे महत्त्वाचे केंद्र आहे. तेथे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार केला. पुण्याच्याच भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत २०१९ मध्ये ‘परम ब्रह्म’ कार्यान्वित झाला. त्याच्यासाठी ‘लस्टर’ ही वितरित फाइल-प्रणाली वापरण्यात आली. अशा प्रणालीत एकाच वापरकर्त्याच्या फाइलीचे तुकडे अनेक संचय-संगणकांवर असतात. प्रत्येक लेखनाच्या वेळी मध्यवर्ती हिशेबनीसाकडे विचारणा केल्यास कामाचा वेग मंदावतो. म्हणून मध्यवर्ती संगणक एकूण मर्यादेतील लहान लहान हिस्से संचय-संगणकांना आगाऊ देतो व ते आपापल्या हिश्श्याच्या आत स्वतंत्रपणे लेखन होऊ देतात. मर्यादा जवळ आली की हिस्से लहान केले जातात. याचा परिणाम म्हणून मर्यादेच्या जवळपास हिशेबात थोडी अनिश्चितता राहते. एके ठिकाणी हिस्सा शिल्लक असूनही दुसऱ्या ठिकाणी लेखन नाकारले जाणे शक्य असते. अशा महासंगणकांवर सामान्यतः दीर्घकाळ जपावयाच्या फाइलींसाठी एक व गणनेच्या तात्पुरत्या फाइलींसाठी दुसरे, असे वेगवेगळे विभाग व वेगवेगळे नियतांश असतात. तात्पुरत्या विभागातील जुन्या फाइली ठराविक काळानंतर पुसून टाकण्याचा नियमही पुष्कळ ठिकाणी असतो.

इतिहास : समाईक साठ्याच्या नियतांशाची कल्पना कालविभागी संगणकांइतकीच जुनी आहे. ‘मल्टिक्स’ या प्रणालीत निर्देशिकेगणिक संचयाची मर्यादा ठरविण्याची सोय होती. प्रकल्प-नियतांशाची कल्पना तिच्याशी मिळतीजुळती आहे. यूनिक्समध्ये नियतांशाची आजची प्रचलित रचना मेलबर्न विद्यापीठातील रॉबर्ट एल्झ यांच्या कामातून आली व कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतून १९८३ मध्ये निघालेल्या ‘४.२ बीएसडी’ या आवृत्तीत ती समाविष्ट झाली. कठोर व सौम्य अशा दोन मर्यादा तिच्यात होत्याच. सवलत मात्र दिवसांत न मोजता प्रवेशसत्रांत मोजली जात असे. सौम्य मर्यादा ओलांडलेल्या वापरकर्त्याने तीन प्रवेशसत्रांत वापर कमी केला नाही, तर तिचे रूपांतर कठोर मर्यादेत होई. कालावधीवर आधारलेली मुदत व गटांचा नियतांश या सोयी नंतरच्या आवृत्त्यांत आल्या. सत्रांवर आधारलेल्या जुन्या पद्धतीत रजेवरील व्यक्तीची मुदत संपत नसे, हा तिचा एक गुण होता. उलट, सतत प्रवेशित राहणाऱ्या व्यक्तीवर तिचा अंकुश चालत नसे.

मूल्यमापन : नियतांश जागेचे मोजमाप करतो, फाइलींच्या मोलाचे नव्हे. एकाच चित्रपटाच्या दहा प्रती आणि पुन्हा न मिळणारी दहा वर्षांची निरीक्षणे त्याच्या दृष्टीने सारखीच असतात. कोणत्या कामास किती जागा द्यावी, हा निर्णय संस्थेने घ्यावयाचा असतो. संगणक त्या निर्णयाची निःपक्षपाती अंमलबजावणी तेवढी करतो. नियतांश ठरविताना प्रत्यक्ष वापराची काही काळ नोंद ठेवणे, मर्यादा व मुदत वापरकर्त्यांना आगाऊ कळविणे, वाढीव जागेची मागणी करण्याची उघड रीत ठेवणे आणि सोडून गेलेल्या व्यक्तींच्या फाइलींची वेळोवेळी विल्हेवाट लावणे या गोष्टी आवश्यक मानल्या जातात. त्यांचा अभाव असल्यास नियतांश केवळ अडथळा वाटतो व वापरकर्ते इतरांच्या खात्यांतून किंवा खाजगी साधनांतून पळवाटा काढतात. त्यामुळे महत्त्वाची माहिती संस्थेच्या संरक्षणाबाहेर जाते. मोजमाप, पूर्वसूचना व सवलत यांची जोड मिळाली, तर समाईक साठ्यातील प्रत्येकाचा वाटा इतरांच्या वाट्यास धक्का न लावता वापरता येतो.